आमच्या बसने पूल ओलांडला

सभेत हात मी वर केला नव्हता. माझा हात सिस्टरने धरून वर केला.

दहिसर पूर्वेला आम्ही राहतो, तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नागरिकांची सभा होती. विषय एकच, आमची बस. स्टेशनवरून निघायचं, बाजाराला वळसा घालायचा, प्रसूतिगृहावरून चाळींकडे आणि चाळींकडून नव्या टॉवरांकडे यायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी दम खायला थांबायचं, एवढंच तिचं जग. या मार्गात सुधारणा करायचं ठरलं होतं आणि डेपोतून आलेले एक तरुण साहेब लोकांची मतं मागत होते.

"स्टॉपवर क्यूआर कोडचे कागद लावले होते," ते म्हणाले. "पण त्यावर फारसं काही आलं नाही. त्यातली निम्मी मतं 'गुड मॉर्निंग' अशी आहेत. तुमच्यापैकी कोणी फिरून लोकांना विचारलं तर फार बरं होईल. महिन्याभराने पुन्हा बसू आणि ठरवू."

हॉलमध्ये एकदम सगळ्यांना चपला शोधायची घाई झाली. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टरने माझं मनगट पकडलं आणि उचललं.

"हिच्याकडे वेळ आहे साहेब," ती म्हणाली, "आणि माझ्याकडे आवाज आहे. आम्ही दोघी विचारतो."

सिस्टर आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. सगळी नोकरी तिने प्रसूतिगृहात नर्स म्हणून केली. तिचे वडील जालन्याकडून मुंबईत आले, आंबेडकर जयंतीला त्यांच्या वस्तीत भाषणं करायचे, तो आवाज हिच्याकडे आला. आमच्या भागातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यामुळे तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. नवरासुद्धा फोनवर "सिस्टर घरी नाहीत" म्हणतो.

माझ्याकडे वेळ होता हे मात्र खरं. अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब लिहीत आयुष्य गेलं आणि नुकतीच निवृत्त झाले होते. घरातली सगळी कपाटं दोनदा लावून झाली होती. तिसऱ्यांदा लावायला घेतली तेव्हा नवऱ्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं. बसचं काम मिळालं हे घरी सांगितल्यावर तो एवढा खूश झाला की मला जरा रागच आला.

सुरुवात आम्ही स्टॉपवरून केली. ती चूक होती. स्टॉपवरचा माणूस तुमच्याशी बोलतो, पण त्याचे डोळे वळणावर असतात. एका गृहस्थांना मी विचारलं, तेव्हा ते फार गंभीर झाले. पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला. "माझं मत विचाराल तर ताई, या बसचा मूळ प्रश्न असा आहे की..." आणि बस आली. पिशवी उचलून ते असे पळाले की मूळ प्रश्न माझ्या हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच वेळेला तिथे गेलो. ते होतेच. मला बघून त्यांनी जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं. "...ती वेळेवर येत नाही. आणि काल आली, कारण मी बोलत होतो."

मग आम्ही बसमध्येच चढायला लागलो. तिकीट काढायचं, शेवटपर्यंत जायचं, परत यायचं. पहिल्याच फेरीत कंडक्टरने सिस्टरला ओळखलं.

"सिस्टर! ओळखलंत का? माझ्या दोन्ही मुली तुमच्याच हातच्या."

"पोरींच्या बापांचे चेहरे मी कशाला लक्षात ठेवू?" सिस्टर म्हणाली. "ते सगळे बाहेर बाकड्यावर रडत असतात. मुली कशा आहेत?"

त्या दिवसापासून तो कंडक्टर आमचा माणूस झाला. बस सुटली की तोच ओरडायचा, "चला, मार्ग बदलतोय, ज्याला काय बोलायचं ते या ताईंना बोला, नंतर माझ्या नावाने शिमगा करायचा नाही!" आणि लोक बोलायचे. कॉलेजच्या मुली म्हणाल्या, बस मध्ये कुठेच थांबायला नको, थेट स्टेशन. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, बस प्रत्येक ठिकाणी जरा जास्त थांबावी, टोपली चढवेपर्यंत ड्रायव्हर निघतो. एकाला एसी कमी हवा होता, त्याच्या शेजारच्याला जास्त, आणि दोघं त्यावरून बोरिवलीच्या कुठल्या हॉटेलचा एसी चांगला यावर गेले. एक आजोबा सगळं शांतपणे ऐकत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "इथून सुटणारी एक सावंतवाडीला न्या. बाकी माझी काही तक्रार नाही."

मी सगळं फोनमध्ये टाइप करत होते. मला मजा यायला लागली होती. इतकी वर्षं याच बसमध्ये डोळे मिटून बसले होते, आणि आता कळत होतं की माझ्या आजूबाजूला किती मतं प्रवास करत होती.

हळूहळू चित्र दिसायला लागलं. बहुतेकांना स्टेशनला लवकर पोचायचं होतं. बाजाराचा वळसा नको, टॉवरांच्या पुढून गेलेल्या नव्या रुंद रस्त्याने सरळ जायचं, मेट्रोलाही थांबा मिळेल. मला हे पटलं होतं. नोकरीच्या दिवसांत त्या वळशाला मी रोज शिव्या दिल्या होत्या. मी सिस्टरला म्हटलं, "झालं गं आपलं काम. सगळे एकच म्हणतायत."

"टॉवर राहिले ना अजून," ती म्हणाली.

टॉवरमध्ये जायला आम्हाला गेटवर फोटो काढावे लागले. सेक्रेटरींनी क्लबहाउसमध्ये बसवलं, गार पाणी दिलं, फार सभ्यपणे बोलले. पन्नाशीचे असतील. "आमच्याकडून एकच विनंती," ते म्हणाले. "बसचा मार्ग काय ठेवायचा तो ठेवा, पण स्टॉप गेटसमोर नको. गाड्या बाहेर काढताना त्रास होतो. आणि खरं सांगू का, आमच्या टॉवरमधलं कोणीच बस वापरत नाही."

"घरकामाला येणाऱ्या बायका?" सिस्टरने विचारलं.

"त्या येतात हो, पण त्या काही इथल्या रहिवासी नाहीत."

सिस्टरने पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. ती गप्प बसली की मला भीती वाटते. मी घाईघाईने आभार मानले आणि तिला बाहेर काढलं.

आम्ही गेटपर्यंत पोचतोय तोच मागून कोणीतरी "अहो, अहो, थांबा" म्हणत आलं. ऐंशीच्या आसपासच्या एक काकू. सुती साडी, पायात बुटांसारखे सँडल, हातात पर्स. त्यांनी आधी मागे वळून क्लबहाउसकडे बघितलं.

"बसचं विचारताय ना? मला सांगायचंय. पण मी सांगितलं म्हणून त्याला सांगू नका."

"कोणाला?"

"सेक्रेटरीला. मुलगा आहे माझा."

आम्ही तिघी गेटबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली उभ्या राहिलो आणि काकूंनी सांगितलं ते असं. हा टॉवर उभा राहण्याआधी इथे चाळ होती. काकूंच्या खोलीला लागून मालवणकडच्या एका बाईंची खोली होती. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली, दोघींची मुलं एकत्र वाढली, मधल्या भिंतीवर थाप मारली की चहा टाकला असा अर्थ. चाळ पाडायची ठरली तेव्हा काकूंच्या मुलाने इथे घर घेतलं आणि मैत्रिणीच्या घरच्यांनी पैसे घेऊन नदीपलीकडे जागा घेतली. नदीपलीकडे म्हणजे फार लांब नाही. टॉवरच्या गच्चीवरून मैत्रिणीच्या बैठ्या चाळीचे पत्रे दिसतात.

"पूर्वी बस पुलावरून जायची," काकू म्हणाल्या. "मी आठवड्यातून दोनदा जायचे. मग पुलाची दुरुस्ती निघाली आणि बस या बाजूनेच वळायला लागली. पूल उघडून काळ लोटला. बस काही पुन्हा गेली नाही. आता माझे गुडघे तेवढे चालत नाहीत. रिक्षावाले जवळचं भाडं म्हणून नाही म्हणतात. बसने त्या वळणापर्यंत जाते, पुलाकडे बघते, आणि परतीच्या बसने येते."

"मुलगा सोडेल की गाडीने," मी म्हटलं.

"सोडेल ना, नाहीतर ड्रायव्हर. पण मग जो तो न्यायला कधी येऊ म्हणून विचारतो. मला काय माहीत, कधी? गप्पा संपल्या की."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. इतक्या लोकांना विचारलं होतं आम्ही, आणि पुलाचं नाव एकानेही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालत पुलावरून पलीकडे गेलो. थंडीचे दिवस होते, नदीत पाणी जेमतेम होतं आणि दोन बगळे अगदी साहेबासारखे पाहणी करत फिरत होते. पलीकडे उतरल्यावर लगेच जुन्या स्टॉपचा खांब दिसला. खांब शाबूत होता. त्याला एका पेरूवाल्याने आपली पिशवी आणि आरसा टांगला होता.

"इथे बस थांबायची ना?" मी त्याला विचारलं.

"थांबायची असेल," तो म्हणाला. "मी आल्यापासून तरी मीच थांबतो."

वस्तीत शिरून आम्ही बसचं विचारायला आलोय म्हटलं, तर आधी कोणाला खरंच वाटेना. मग कोणीतरी आतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि बघता बघता बायका जमल्या. एकीची मुलगी शाळा सुटल्यावर पुलावरून एकटी चालत यायची, तिचा जीव घरी पोचेपर्यंत टांगणीला. एकीच्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर आधी रिक्षावाल्याची मनधरणी. "आम्ही मागितली नाही कधी," एक बाई म्हणाली. "आम्हाला वाटलं, बंद झाली म्हणजे झालीच."

काकूंच्या मैत्रिणीचं घर शेवटून दुसरं होतं. या मावशी उंच, काटक, दारात बसून कुळीथ पाखडत होत्या. काकूंनी पाठवलंय म्हटल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"ती बरी आसा मां?" हा पहिला प्रश्न. मग, "गुडघे काय म्हणतत तिचे?" मग, "फोनार बोलता रोज, पण तिका आयकाक कमी येता आणि माका ओरडाक कंटाळो येता."

"मावशी, बस पुन्हा इकडे यावी का? तुमचं काय मत?" मी फोन उघडत विचारलं.

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. "माका बस नको गो," त्या म्हणाल्या. "माका ती होयी. आता ती बशीतून येता काय आणखी कशातून, ता तुमी बघा."

परत येताना पुलाच्या मधोमध माझं आणि सिस्टरचं भांडण झालं. माझं म्हणणं साधं होतं. बस पुलावरून फिरवली की तेवढाच वेळ वाढणार. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसांनी आम्हाला विश्वासाने सांगितलं की आम्हाला लवकर पोचायचंय, आणि आम्ही साहेबांना जाऊन त्याच्या उलट सांगायचं?

"मी त्यांना काय तोंड दाखवू?" मी म्हटलं. "बहुमत आहे ते."

"कसलं बहुमत?" सिस्टरने तिथेच ठाण मांडलं. "तू स्टॉपवर उभ्या असलेल्यांना विचारलंस. ज्यांना स्टॉपच नाही, ते कुठे उभे राहणार तुझ्या बहुमतात यायला?"

"अगं पण मला जे दिसलं तेच मी सांगणार ना!"

"मग डोळे उघडून सांग!"

तिचा आवाज नदीपात्रात घुमला आणि बगळे उडाले. आम्ही एकमेकींशी न बोलता घरी आलो. एकाच लिफ्टमध्ये. माझा मजला आला तेव्हा मी "येते" म्हटलं, ती "हं" म्हणाली.

दोन दिवस असेच गेले. नवऱ्याने विचारलं, "आज बसमध्ये नाही गेलीस?" आणि मी कपाट उघडल्यावर तो गुपचूप खाली पेपर वाचायला निघून गेला. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी एकटीच पुलाकडे गेले. का गेले, नीट सांगता येणार नाही. कदाचित वेळ किती वाढेल ते आपल्या डोळ्यांनी बघावं असं हिशेबाच्या माणसासारखं डोक्यात असेल.

पुलाच्या कठड्याला टेकून एक पोरसवदा बाई बसली होती, पोट पुढे आलेलं, आणि शेजारी तिची सासू पदराने वारा घालत होती. प्रसूतिगृहात तपासणीला निघाल्या होत्या. एका रिक्षावाल्याने "इतक्या जवळ नाही जाणार" म्हणून नकार दिला होता. दुसरा थांबलाच नव्हता. म्हणून मग चालत.

"मी पण तिकडेच चाललेय," मी म्हटलं. ते खोटं होतं. मी तिची पिशवी घेतली आणि आम्ही तिघी निघालो. मला वाटलं होतं ती रडकुंडीला आली असेल, तर ती वाटभर हसवत होती. "बघा ताई," ती म्हणाली, "याला एवढी सवय झालीय ना, हा बाहेर आला की आधी चपला मागेल." सासू म्हणाली, "गप गं, दम लागतो तुला." आणि खरंच लागत होता. बोलता बोलता ती थांबायची, एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकायची, आणि काहीतरी विनोद करून उठायची. ज्या अंतराला मी कधी अंतर म्हटलंच नव्हतं, ते तिच्याबरोबर चालताना संपता संपेना.

प्रसूतिगृहाच्या दारात तिला सोडलं आणि मी थेट आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर जाऊन सिस्टरची बेल वाजवली. तिने दार उघडलं, माझा घामाघूम चेहरा बघितला.

"काय झालं?"

"पूल," मी म्हटलं. "पुलावरून न्यायची बस."

"आत ये," ती म्हणाली. "चहा टाकते. आणि ते तोंड धू आधी, पेशंटसारखी दिसतेयस."

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. मागच्या वेळी चपला शोधणारे सगळे आले होते, कारण कंडक्टरने आठवडाभर बसमध्ये दवंडी पिटली होती. पलीकडच्या वस्तीतल्या बायका एका रांगेत बसल्या होत्या. मावशींना सिस्टर रिक्षातून घेऊन आली. जवळचं भाडं म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण तो मावशींचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत सोडून गेला.

मी आम्ही गोळा केलेलं सगळं वाचून दाखवलं, सावंतवाडीसकट. सरळ रस्त्याची मागणी जास्त आहे हेही सांगितलं. मग पुलाचं सांगितलं आणि हॉलमध्ये गोंधळ झाला.

"आम्हाला ऑफिसला उशीर होतो त्याचं काय?" मूळ प्रश्नवाले गृहस्थ उभे राहिले. त्यांना बघून मला वाईट वाटलं, कारण त्यांचंही खोटं नव्हतं.

पलीकडची एक बाई उठली. "तुम्हाला उशीर होतो, दादा. आम्हाला बसच नाही, उशीर कसला होणार?"

सेक्रेटरींनी हात वर केला. "मी टॉवरच्या वतीने बोलतो," ते म्हणाले. "आमचा कोणत्याच मार्गाला विरोध नाही. फक्त स्टॉप गेटसमोर नको. आधीच सांगितलंय, आमच्या टॉवरमधलं कोणीही बस वापरत नाही."

"मी वापरते."

सगळ्यांनी मागे बघितलं. काकू दाराशी उभ्या होत्या. पर्स हातात, सँडल पायात. त्या कधी आल्या कोणालाच कळलं नव्हतं.

"आई?" सेक्रेटरी म्हणाले. "तू? बसने? कधी?"

"तू ऑफिसला गेलास की."

"अगं पण गाडी आहे ना दारात. ड्रायव्हर ठेवलाय तुझ्यासाठी."

"चांगला मुलगा आहे तो," काकू म्हणाल्या. "पण पुढे तोंड करून बसतो रे. बसमध्ये माणसं असतात."

हॉल हसला. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हे चिडतील. पण काकू तेवढ्यात पुढे यायला लागल्या आणि अर्ध्या वाटेत त्यांना मावशी दिसल्या. त्या जागीच थांबल्या. मावशी खुर्चीतून उठायची धडपड करत होत्या. सेक्रेटरींनीही बघितलं. मावशींना त्यांनी ओळखलं असणारच, लहानपणी त्यांच्या हातचं जेवले होते. ते उठले, मावशींना हाताला धरून उभं केलं आणि वाकून नमस्कार केला.

"किती मोठो झालंस रे," मावशी म्हणाल्या. "आणि आवशीक बशीतून फिरूक लावतंस?"

आता तर ते स्वतःच हसले. आईला मावशींच्या शेजारी बसवलं, आपण मागे उभे राहिले, आणि दोघी बाकीची सभा चालू आहे हे विसरून गेल्या. काही वेळाने सेक्रेटरी डेपोच्या साहेबांकडे वळले. "टॉवरचं मत बदललं असं लिहा. स्टॉप गेटसमोरच द्या. आणि बसायला बाकडं असेल तर बघा. आमच्याकडे उभं राहायला त्रास होणारी माणसं आहेत असं आत्ताच कळलंय."

तरीही ऑफिसवाल्यांचं म्हणणं शिल्लक होतं. मग मी उभी राहिले. भाषण मला येत नाही. मी फक्त त्या पोरीबरोबर चालत गेले ते सांगितलं, ती कुठे कुठे टेकली ते सांगितलं, आणि खाली बसले. मूळ प्रश्नवाले गृहस्थ बराच वेळ पिशवीच्या बंदांशी चाळा करत होते. शेवटी म्हणाले, "एक सोडून एक केली तर? एक बस सरळ, एक पुलावरून. ज्याला घाई आहे तो सरळवाली पकडेल."

साहेबांनी मान हलवली. "पुलावरून नेता येईल का ते आम्हाला आधी तपासावं लागेल. पण जमलं तर तसं करून बघू. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत प्रयोग म्हणून. माणसं बसली तर ठेवू."

"माणसं बसणार," सिस्टर म्हणाली. तिने ते अशा आवाजात म्हटलं की ती सूचना आहे की धमकी, साहेबांना ठरवता आलं नसावं.

संक्रांत होऊन गेल्यावर पुलावरून पहिली बस सुटली. कंडक्टरने पुढच्या काचेला झेंडूची माळ बांधली होती. आम्ही दोघी, काकू, कॉलेजच्या दोन मुली आणि उगाच बघायला चढलेली बरीच मंडळी. घाई असणारे कोणी नव्हतेच. पूल मजेत पार झाला, आणि पलीकडच्या वळणावर बस अडली. मांडवाचे बांबू भरलेला एक टेम्पो अर्ध्या रस्त्यात उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर गायब.

"झालं, वाट लागली," कंडक्टर म्हणाला.

पण वस्तीतली माणसं बसची वाट बघत उभीच होती. त्यांनी हाका मारून मारून टेम्पोवाल्याला शोधला, तोवर बसमधल्या चौघांनी उतरून रस्त्यातल्या स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या, पेरूवाल्याने आपला आरसा, पिशवी, टोपली सगळं खांबावरून काढून मागे घेतलं, आणि आमच्या ड्रायव्हरने सगळ्यांच्या "येऊ द्या, येऊ द्या, बस, बस" या गजरात बस हळूच वळवली. टाळ्या वाजल्या. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून लग्नातल्या नवऱ्यासारखा नमस्कार केला.

मावशी स्टॉपवर होत्या. चांगली जांभळी साडी नेसल्या होत्या. काकू पायरी पायरीने उतरल्या. मला वाटलं आता गळाभेट होईल, आणि मी फोटोसाठी फोन काढला.

"किती उशीर?" मावशी म्हणाल्या.

"टेम्पो होता गं मध्ये."

"टेम्पो आता. बाकीची वर्सां खय होतंस?"

दोघी हात धरून घराकडे चालायला लागल्या, आणि घर येईपर्यंत त्यांचं भांडण चालू झालं होतं. चाळीतल्या एका लग्नात वालाची उसळ कोणी केली होती यावरून. काकू म्हणत मी, मावशी म्हणत मी, आणि ज्या नवरीच्या लग्नात ती केली होती ती आता स्वतः आजी झालेली. आम्हाला चहा मिळाला, मावशींच्या हातचे तिळाचे लाडू मिळाले, उसळीच्या निकालासाठी साक्षही मागण्यात आली. सिस्टरने दोघींनाही अर्धी अर्धी उसळ वाटून दिली, पण दोघींनाही ते मान्य झालं नाही.

परतीच्या बसचा हॉर्न वाजला तशा आम्ही दोघी उठलो. काकू मात्र भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून आरामात बसल्या होत्या.

"चला काकू, बस आली," मी म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढे," काकू म्हणाल्या. "मागून दुसरी येईल."

आम्ही दोघींनी पळत जाऊन बस पकडली.